दर पावसाळ्यात ऑर्किडची मुळे का कुजतात? मुंबईच्या घरांसाठी निदान आणि उपाय

मुंबईत घरी ऑर्किड ठेवणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी ठरावीक काळात ऐकू येते. दिवाळीच्या सुमारास किंवा हिवाळ्यात फुलांसकट आणलेले फॅलेनॉप्सिस या ऑर्किडचे रोप मार्च-एप्रिलपर्यंत फुललेले राहते, मे महिन्याच्या उकाड्यातही तग धरते, जुलैमध्ये त्याची पाने हिरवीगार दिसतात आणि गणपतीच्या आगेमागे ती एकाएकी मऊ पडून सुरकुततात. पाणी कमी पडले असावे असे वाटून पाणी वाढवले जाते, पाने आणखी लोंबतात आणि शेवटी रोप उपसून पाहावे तर कुंडीत एकही धड मूळ उरलेले नसते. पुढच्या हिवाळ्यात नवे रोप येते, या खेपेला सोबत बुरशीनाशकही आणून ठेवले जाते, तरी ऑगस्ट-सप्टेंबर उजाडले की पुन्हा तेच घडते.

या प्रकाराकडे केवळ रोग म्हणून पाहिले तर तो दरवर्षी परत येईल, असे माझे स्पष्ट मत आहे. बुरशी आणि जिवाणू यात सामील असतात हे खरे, पण ते नंतर येतात. त्यांच्या आधी कुंडीतील हवा संपलेली असते, आणि ती संपते याचे कारण म्हणजे मे महिन्यात वेळेवर सुकणारी कुंडी जुलैमध्ये सुकत नाही. म्हणून पुढील सर्व विवेचन एकाच प्रश्नाभोवती आहे: आपल्या घरात, भर पावसाळ्यात, पाणी घातल्यानंतर ही कुंडी किती दिवसांनी सुकते?

मुळांच्या बाजूने पाहिले तर

फॅलेनॉप्सिस मूळचे आग्नेय आशियातील, आणि निसर्गात ते मातीत वाढत नाही. झाडाच्या खोडाला व फांद्यांना मुळांनी घट्ट धरून राहते. त्याच्या मुळाचा आतला भाग दोऱ्याइतका बारीक असतो आणि त्यावर मृत पेशींचे एक जाड, पांढरे आवरण असते. पाऊस पडला की हे आवरण टिपकागदासारखे पाणी शोषून घेते आणि मुळातील हिरवा भाग त्यातून दिसू लागतो. पाऊस थांबून वारा लागला की पेशींमधील पाणी जाऊन तेथे हवा भरते आणि मूळ पुन्हा चंदेरी होते. भिजणे आणि सुकणे हा क्रम या मुळाला श्वासोच्छ्वासाइतकाच आवश्यक आहे. प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे सतत चिंब असलेल्या आवरणाच्या आतले जिवंत मूळ पाण्यात राहूनही गुदमरते. गुदमरलेल्या मुळाला पाणी वर पोहोचवता येत नाही, म्हणून ओल्या कुंडीतील रोपाची पाने तहानलेल्या रोपासारखी सुरकुततात आणि माणसाची फसगत होते.

येथे काही जण असा प्रश्न करतात, आणि तो योग्यच आहे, की कोकणात आंब्या-फणसाच्या झाडांवर वाढणारी सीतेची वेणी ही रानटी ऑर्किड चार महिने मुसळधार पावसात भिजते, मग तिची मुळे का कुजत नाहीत? ती वेणी जरा जवळून पाहावी. तिची जाड मुळे सालीवर उघडी पसरलेली असतात, काही तर हवेतच लोंबत असतात, आणि त्यांच्याभोवती पाणी धरून ठेवणारे काहीच नसते. पावसाची सर ओसरली की पाणी सालीवरून निथळते आणि वाऱ्याने मुळांचा वरचा भाग थोड्या वेळात हवेशीर होतो. पाऊस तिला मारत नाही, कारण पावसाबरोबर वाराही तिच्यापर्यंत पोहोचतो. आपल्या खिडकीतील रोपाला पाऊस तिच्या शतांशानेही मिळत नाही, पण जे काही पाणी मिळते ते कुंडीतल्या ओल्या मॉसच्या (शेवाळाच्या) गोळ्यात अडकून राहते आणि वारा तेथवर जातच नाही. (एवढे वाचून कोणी सीतेची वेणी झाडावरून उतरवून घरी आणू नये. रानातून ऑर्किड काढणे बेकायदा आहे आणि अशी आणलेली रोपे बहुधा जगतही नाहीत.)

मुंबईच्या हवेचा हिशेब

नैर्ऋत्य मोसमी पावसाची मुंबईतील सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. या दरम्यान शहरात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर राहते. मे महिन्यात उघड्या खिडकीत, समुद्राकडून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्यावर ३-४ दिवसांत सुकणारी कुंडीच जुलैमध्ये, झडीमुळे बंद केलेल्या काचांच्या आड, आठ-दहा दिवस ओली राहू शकते. रोप तेच, कुंडी तीच आणि पाणी घालणारा हातही तोच. बदलते ती फक्त सुकण्याची गती. आठवड्यातून दोनदा पाणी घालण्याची उन्हाळ्यातली सवय पावसाळ्यात तशीच चालू राहिली की तीन-चार आठवड्यांत मुळांना एकदाही हवा मिळत नाही.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बाजारातून आलेले बहुतेक फॅलेनॉप्सिस स्फॅग्नम मॉसमध्ये घट्ट दाबून लावलेले असते. रोपवाटिकेत तापमान, वारा आणि पाणी मोजूनमापून दिले जाते, म्हणून तेथे ते चांगले वाढते. शिवाय वाहतुकीत ओल टिकावी हाही त्यामागचा हेतू असतो. पण हा मॉस वर्षभरात मऊ पडून दबतो आणि त्यातील पोकळ्या मिटतात. वरून त्या कुंडीला तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत बसवले, की निचऱ्याचा शेवटचा मार्गही बंद होतो.

रोप बाहेर काढून पाहणे

पाने सुरकुतली की सर्वप्रथम पाणी थांबवावे आणि रोप कुंडीतून बाहेर काढावे. रोप दुखावेल या भीतीने लोक हे टाळतात आणि त्या टाळाटाळीत पंधरवडा जातो. फूल असले तरी काढावे. वरची पाने पाहून कमी पाणी आणि जास्त पाणी यांतला फरक ओळखता येत नाही. तो फक्त मुळेच सांगतात.

कुंडीच्या बाजू दाबून रोप अलगद सोडवले की मुळांसकट मॉसचा गोळा हातात येतो. त्याच्या कडेची मुळे अनेकदा हिरवी, टणक आणि समाधानकारक दिसतात, आणि येथेच पुष्कळ जण थांबतात. गोळा बोटांनी उकलत मध्यापर्यंत जावे. बऱ्याच रोपांच्या बरोबर मध्यभागी, खोडाच्या बुडाशी, प्लास्टिकच्या जाळीची एक लहान वाटी किंवा कापडी वेष्टन सापडते. रोप लहान असताना ज्यात वाढवले होते तेच ते. त्याच्या आतला मॉस बाहेरच्या मॉसपेक्षा कितीतरी अधिक दबलेला, काळपट आणि आंबूस वासाचा असतो, आणि दाबला की चहाच्या रंगाचे पाणी गळते. कूज बहुतेकदा येथून सुरू होऊन खोडाकडे सरकते. ही वाटी लहान कात्रीने जपून कापून काढावी. ती आत ठेवून केलेला कोणताही उपाय अर्धवट राहतो.

मग प्रत्येक मूळ चिमटीत धरून हलकेच दाबावे. रंगावर जाऊ नये, कारण मॉसमध्ये वाढलेली निरोगी मुळेही पिवळसर किंवा तपकिरी असतात. टणक लागले ते मूळ जिवंत. दाबताच चपटे होऊन पाणी सोडणारे, किंवा ज्याचे आवरण मोज्यासारखे निसटून आत नुसता दोरा उरतो, ते मेलेले. कोरडे, पोकळ, कागदासारखे आणि वास नसलेले मूळ सापडले तर ते पाण्याअभावी किंवा क्षारांमुळे गेलेले असते. सगळीच मुळे अशी कोरडी निघाली तर निदान पूर्णपणे उलटे होते आणि या लेखातील पाणी तोडण्याचा सल्ला त्या रोपाला लागू होत नाही.

कूज कोठवर पोहोचली आहे

नुसती मुळे कुजली असतील आणि खोड व पोंगा, म्हणजे मधले कोवळे पान, टणक असेल, तर रोप वाचण्याची शक्यता चांगली असते. रोपाला दोन-तीन बोटे लांबीची एक-दोन जिवंत मुळे उरली असली तरी ते सावरते.

पानाच्या बुडाशी काळी कडा दिसू लागली, पान पिवळे पडून बोट लावताच गळून हातात आले आणि त्याच्या जागी खोडावर काळा-तपकिरी डाग दिसला, तर कूज खोडात शिरलेली आहे. याउलट सर्वांत खालचे एकच पान टोकाकडून हळूहळू पिवळे होऊन वाळत असेल, तर ते वयोमानाने जात आहे. त्याला हात लावू नये. पोंगा ओढताच सुटून आले आणि त्याचे बूड काळे व बुळबुळीत असले, तर वाढीचे टोक मेले आहे. फॅलेनॉप्सिसला एकच पोंगा असतो. असे रोप कधीकधी बुडाजवळून पिल्लू देते, पण बाकीची पाने आणि मुळे धडधाकट असतील तरच त्याची वाट पाहण्यात अर्थ आहे.

तिसरा प्रकार सर्वांत घाईचा. पानावर पाणी भरल्यासारखा, अर्धपारदर्शक डाग येतो, एक-दोन दिवसांत पसरतो आणि त्याला दुर्गंधी येते. ही जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज असते आणि उष्ण-दमट हवेत ती अख्खे रोप आठवड्याच्या आत संपवू शकते. डागाच्या पुढे निरोगी भागात बोटभर जाऊन पान कापावे, पाते दर कापणीनंतर ज्योतीवर तापवून घ्यावे आणि ते रोप बाकीच्यांपासून दूर ठेवावे. पावसाळा संपल्यावर पानाच्या वरच्या बाजूला पडणारा फिकट, कोरडा, कागदी आणि न पसरणारा डाग मात्र उन्हाचा चटका असतो. तो पाहून औषध फवारणे व्यर्थ आहे.

औषधांविषयी

घरोघरी कार्बेन्डाझिमची पुडी ठेवलेली असते आणि प्रत्येक कुजीवर तीच वापरली जाते. खऱ्या बुरशांच्या काही प्रकारांवर ती चालते. पण सतत ओल्या माध्यमात मुळे कुजवणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा हे खऱ्या बुरशा नाहीत, बुरशीसारखे दिसणारे वेगळे जीव आहेत, आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिमचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचे मिश्रण किंवा फोसेटिल-अॅल्युमिनिअम वापरावे लागते. ठाणे, कल्याण, वसईकडील कृषी सेवा केंद्रांत ती मिळू शकतात. जिवाणूजन्य कुजीवर यांपैकी काहीही उपयोगी नाही. तेथे कापणी आणि कोरडेपणा हाच मुख्य उपाय, जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराइड. तांब्याची औषधे डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला मात्र सोसत नाहीत, त्यामुळे शेजारी डेंड्रोबियम असेल तर फवारा तेथे जाऊ देऊ नये. कोणतेही औषध वेष्टनावर दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये, हातमोजे वापरावेत, स्वयंपाकघरात कालवू नये आणि लहान मुले किंवा पाळीव प्राणी पोहोचतील तेथे ठेवू नये.

दालचिनीची पूड पानाच्या कापलेल्या कडेवर लावण्यास हरकत नाही, कारण ती जखम लवकर सुकवते. नेमक्या याच कारणाने ती मुळांवर लावू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडने मुळे धुण्याची पद्धतही मला मान्य नाही; फेस येताना पाहून समाधान वाटते, पण तो मेलेल्या आणि जिवंत ऊतींत भेद करत नाही आणि नव्या मुळांची कोवळी टोके जाळतो. आणि एवढे सगळे वापरूनही कुंडी पूर्वीइतकीच ओली राहणार असेल, तर औषधाने फार तर महिनाभराची सवलत मिळते.

रोप सावरण्याची पद्धत

मेलेली मुळे तापवलेल्या पात्याने किंवा कात्रीने जिवंत भागापर्यंत कापावीत. आतला दोरा शाबूत असेल तर दोन-तीन दोरे मुद्दाम ठेवावेत. ते पाणी शोषत नाहीत, पण रोप नव्या कुंडीत उभे धरून ठेवण्यास उपयोगी पडतात. रोप साध्या पाण्याने धुऊन रात्रभर पंख्याखाली मोकळे ठेवावे. या एका रात्रीत कापलेल्या जागा सुकतात, आणि सगळ्या उपचारात माझ्या अनुभवाने याच पायरीला सर्वांत अधिक महत्त्व आहे, तरी लोक नेमकी तीच गाळतात. फुलदांडा असेल तर तो कापून पाण्यात ठेवावा. मुळे नसलेल्या रोपावर फुलांचा भार टाकू नये.

दुसऱ्या दिवशी रोप लावताना कुंडी लहान घ्यावी. कुजून गेलेल्या रोपाला मोठ्या, ऐसपैस कुंडीत लावण्याची इच्छा स्वाभाविक असते, पण मोठ्या कुंडीचा मधला भाग सर्वांत उशिरा सुकतो. उरलेली मुळे जेमतेम मावतील एवढीच कुंडी पुरे. पारदर्शक प्लास्टिकची असल्यास उत्तम, कारण मुळांचा रंग आणि आतल्या भिंतीवर जमणारे पाण्याचे थेंब बाहेरून दिसतात. तिच्या तळालाच नव्हे तर बाजूंनाही तापवलेल्या सळईने भोके पाडून घ्यावीत. भोकाभोकांची मातीची कुंडी मुंबईच्या पावसाळ्यासाठी तितकीच चांगली, फक्त पुढच्या वेळी रोप सोडवताना तिला चिकटलेली मुळे तुटतात.

परदेशी व्हिडिओंमध्ये अशा रोपाला ओल्या मॉससह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करण्याचा उपाय दाखवतात. तो कोरड्या, थंड हवेच्या घरांसाठी आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच एवढी दमट असते की पिशवीची गरज नाही, आणि आतल्या कोंडलेल्या उष्ण हवेत उरलेली मुळेही जातात.

माध्यम

मुंबईत मला लाकडी कोळसा सर्वांत विश्वासाचा वाटतो. इस्त्रीवाले वापरतात तो चालतो. दगडी कोळसा किंवा दाबून तयार केलेल्या विटा चालत नाहीत. अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करून, पूड झटकून, धुऊन घ्यावेत. दोन वाटे कोळसा आणि एक वाटा जाड पाइनची साल हे मिश्रण पावसाळ्यात हवा धरून ठेवते. मे महिन्यात ते लवकर सुकते, तेव्हा वरच्या थरात मॉसच्या चार-दोन सैल बटा ठेवाव्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या काढून टाकाव्यात.

नारळाच्या सोडणाचे तुकडे आपल्याकडे सहज आणि फुकट मिळतात, म्हणून त्यांचा वापर फार होतो. त्यांत क्षार असतात, ते जाण्यासाठी तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावे लागतात. ते पाणीही पुष्कळ धरतात आणि लवकर कुजतात. डेंड्रोबियमसाठी कोळशात मिसळून ते चालतात; फॅलेनॉप्सिसला पावसाळ्यात नुसत्या सोडणात ठेवू नये. विटांचे तुकडे जड कुंडीसाठी तळाला ठीक आहेत. बागेची माती, शेणखत आणि गांडूळखत यांना या कुंडीत अजिबात जागा नाही.

कुंडी बदलण्याची योग्य वेळ मात्र ऑगस्ट नव्हे. फुले संपल्यावर, एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत रोप सावलीत ठेवून मॉसमधून काढले, तर पाऊस सुरू होईपर्यंत नवी मुळे नव्या माध्यमाला रुळलेली असतात. हिवाळ्यात घेतलेल्या प्रत्येक नव्या रोपाबाबत एवढे एक काम केले, तर गणपतीच्या वेळची ही तक्रार बहुतांशी उद्भवतच नाही.

जागा आणि वारा

बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या रोपावर प्रत्यक्ष पाऊस फारसा पडत नसला, तरी वरच्या मजल्यावरील कुंड्यांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे किंवा पत्र्याच्या कडेचे पाणी एकाच ठिकाणी ठिबकत राहते आणि ते बहुतेकदा पोंग्यातच पडते. पाऊस चालू असताना दहा मिनिटे उभे राहून हे एकदा पाहून घ्यावे. निसर्गात फॅलेनॉप्सिस खोडावर आडवे, पाने खाली झुकलेली अशा स्थितीत वाढते, त्यामुळे पोंग्यात पाणी साचत नाही. कुंडीत आपण त्याला उभे करतो आणि पानांची ओंजळ तयार होते. म्हणून पावसाळ्यात कुंडी थोडी कलती ठेवावी, आणि पोंग्यात पाणी साचलेच तर ते कागदी रुमालाच्या टोकाने टिपून घ्यावे.

काचा बंद ठेवाव्या लागत असतील तर लहान पंखा सर्वांत कमी गतीवर, रोपाच्या अंगावर न रोखता, दिवसातले काही तास चालू ठेवावा. पाने हलकीशी हलली तरी पुरे. कुंडी फरशीवर किंवा बशीत टेकवून ठेवण्यापेक्षा तारेने टांगली किंवा जाळीच्या फळीवर ठेवली, तर तळाच्या भोकांतूनही हवा खेळते. लालबाग-गिरगावच्या जुन्या इमारतींतील लांब सामाईक गॅलऱ्यांमध्ये हे काम आपोआप होते. नव्या इमारतींतील सरकत्या काचांच्या आड ते घडवून आणावे लागते. टांगलेल्या कुंडीचा आणखी एक फायदा असा की पावसाळ्यात भिंतीवरून चढणाऱ्या गोगलगायी नव्या मुळांची टोके खाऊ शकत नाहीत.

पाणी कधी घालायचे

वार ठरवून पाणी घालणे पावसाळ्यात पूर्णपणे सोडून द्यावे. बांबूची बारीक काडी कुंडीच्या मध्यापर्यंत खोचून ठेवावी. पाणी घालायचे वाटले की ती उपसून गालाला लावावी. गार लागली तर आणखी थांबावे. पारदर्शक कुंडीत मुळे चंदेरी झालेली आणि आतल्या भिंतीवर एकही थेंब नसलेला दिसला पाहिजे. कुंडी उचलून तिच्या वजनाचा अंदाज घेण्याची सवय थोड्याच दिवसांत या दोन्ही खुणांपेक्षा अधिक भरवशाची ठरते. पाणी घालायचे ते सकाळी, माध्यमातून भरपूर वाहून जाईल असे, आणि मग पूर्ण निथळू द्यायचे. रोज चमचाभर पाणी घालणे किंवा बर्फाचा खडा ठेवणे यांमुळे मध्यभाग कधीच सुकत नाही.

महानगरपालिकेचे तलावाचे पाणी ऑर्किडला चांगले मानवते. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येणाऱ्या इमारतींत क्षारांमुळे मुळांची टोके तपकिरी होतात. तेथे पावसाचे पाणी बादलीत धरून वापरावे.

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. निघण्याच्या दिवशी, आठवडाभर पुरावे म्हणून, कुंड्या चिंब भिजवून आणि सगळ्या खिडक्या घट्ट लावून घर बंद केले जाते. यापेक्षा रोपाला अपायकारक असे दुसरे काही नाही. फॅलेनॉप्सिसची जाड पाने पाणी साठवून ठेवतात, आणि या दमट दिवसांत ते आठ-दहा दिवस पाण्याविना सहज राहते. निघण्याच्या तीन दिवस आधी पाणी घालून, रोप आतल्या खोलीत झडपांच्या खिडकीजवळ ठेवून जावे. शेजारच्या काकूंना किल्ली दिली असेल तर कुंड्यांना पाणी घालू नका असेही सांगून जावे.

ऑक्टोबरमध्ये चित्र पालटते. ढग जातात, ऊन दक्षिणेकडून तिरपे होऊन चार महिने सावलीत असलेल्या खिडक्यांत शिरते, आणि कुंडी पुन्हा ३-४ दिवसांत सुकू लागते. पाणी हळूहळू वाढवावे आणि दक्षिणेच्या व पश्चिमेच्या खिडकीला पातळ पडदा लावावा.

इतर ऑर्किड

डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांत पाणी साठलेले असते आणि त्याला ऊनही अधिक चालते, त्यामुळे मुंबईत ते फॅलेनॉप्सिसपेक्षा सोपे जाते. वर्षभर कोळशावर ठेवले की मूळकूज क्वचितच होते. व्हँडा तर लाकडी जाळीत कोणत्याही माध्यमाशिवाय टांगावी, तिला या लेखातील समस्या जवळपास नाहीच, उलट उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे लागते. सिंबिडियमला फुलण्यासाठी थंड रात्री लागतात, त्या मुंबईत मिळत नाहीत, म्हणून ते घेऊच नये.

सावरत असलेल्या रोपाकडून काय अपेक्षा ठेवावी

सुरकुतलेली जुनी पाने पूर्ववत ताठ होतीलच असे नाही. त्यावरून रोपाची परीक्षा करू नये. खोडाच्या बुडाशी हिरव्या किंवा तांबूस, चमकदार टोकाचे नवे मूळ फुटले की रोप सावरले असे समजावे. याला महिना-दोन महिने लागू शकतात. तोपर्यंत खत देऊ नये, कारण घेण्यासाठी मुळेच नसतात आणि क्षार तेवढे साचतात. नवी मुळे दोन बोटे लांब झाली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम या प्रमाणात, दर दोन आठवड्यांनी एकदा द्यावे आणि मध्ये एकदा नुसत्या पाण्याने माध्यम धुऊन काढावे.

डिसेंबर-जानेवारीत मुंबईचे रात्रीचे तापमान १६-१८ अंशांपर्यंत उतरते आणि त्या गारव्याने दुबळे रोपसुद्धा फुलदांडा काढते. ऑगस्टमध्ये मुळे गमावलेल्या रोपाला त्या हिवाळ्यात फुलू देऊ नये. दांडा बोटभर असतानाच खुडावा, रोपाला वर्षभर नुसती पाने आणि मुळे करू द्यावीत, आणि मेच्या अखेरीस कोळशातील पांढरी मुळे कुंडीच्या भोकांतून बाहेर डोकावू लागली आहेत का ते पाहून मगच त्याला पुढच्या पावसाळ्यात ग्रिलमध्ये ठेवायचे की आत, हे ठरवावे.